शास्त्रवाचनाची साधने : कोणती घ्यावी व कशी वापरावी
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सव समितीने मला ‘पवित्र शास्त्राचे माहात्म्य’ ह्या विषयावर बोलावयास सांगितले होते. समितीची अनुमती घेऊन मी तो विषय थोडा खाली, जमिनीवर उतरवून घेतला आहे. शास्त्राचे माहात्म्य आपणांपैकी कोणास अमान्य नाही. अडचण निराळीच आहे. घरभेटीस जावे तो मंचरास काय, ओतुरास काय, घोडेगावच्या बाजूस काय, एकच प्रश्न कानी येतो : “फादर, शास्त्र वाचतो, पण उमजत नाही. जोडीला कोणते पुस्तक घ्यावे?” त्यातच ह्या वर्षी महोत्सव निधीतून वाचनालयाकरिता काही रक्कम बाजूस काढिली आहे आणि ती कशी खर्चावी ह्याविषयी आपणांत दोन पक्ष पडले आहेत. एकाचे म्हणणे, इंग्रजी भाष्याचे मोठाले खंड आणून कपाट भरावे. दुसऱ्याचे म्हणणे, घरटी एकेक शास्त्र वाटावे व मोकळे व्हावे. तेव्हा आज मी जे बोलणार त्यात उपदेशाइतकाच हिशेबाचाही भाग आहे, हे प्रथमच सांगून ठेवतो.

साधन म्हणजे काय, हे समजावयास आपणांस दूर जावयास नको. जुन्नरच्या सभोवारच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणी कोरलेली आहेत. त्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. गुराख्यांनी ती अक्षरे पाहिली, वाटसरूंनी पाहिली, शिवनेरीवरच्या शिबंदीनेही पाहिली असतील. शतकानुशतके ती उघड्यावर होती, पण वाचता कोणासच येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप ह्या विद्वानाने ब्राह्मी अक्षरांचा उलगडा केला. तेव्हा कोठे अशा भिंती बोलू लागल्या. मग कळले की त्यांतील काही लेखांत यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणविणाऱ्या लोकांची, दाने नोंदली आहेत : एकाने पाण्याच्या दोन पोढ्या खोदून दिल्या, दुसऱ्याने भिक्षूंकरिता भोजनमंडप दिला. गडावरच्या पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हणणारा मनुष्य आपल्याकडे आजही भेटतो. शब्द जिवंत होता, लिपी मात्र मुकी झाली होती. प्रिन्सेपने भिंतीवर एक अक्षरही नवे कोरले नाही. त्याने किल्ली दिली. शास्त्रवाचनाच्या साधनांचे काम एवढेच आहे, आणि जे साधन ह्याहून अधिक करू पाहते, भिंतीवर स्वतःची अक्षरे कोरू लागते, त्याच्यापासून सावध असावे.

पहिले साधन म्हणजे ज्याला आपण साधन समजतच नाही ते : हातातील शास्त्राची प्रत. ती कोणती आहे, हे किती जणांनी पाहिले आहे? आपल्या पुष्कळ घरांतून जी मराठी प्रत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे ती सहासष्ट ग्रंथांची आहे. आपल्या ख्रिस्तसभेच्या सूचीत त्र्याहत्तर ग्रंथ आहेत. १५४६ साली त्रेंत येथील विश्वपरिषदेने ती सूची निश्चितपणे जाहीर केली. तोबीत, युदिथ, मक्काबींचे दोन ग्रंथ, ज्ञानग्रंथ, बेन सिरा आणि बारूख हे सात ग्रंथ, शिवाय एस्तेर व दानीएल ह्यांतील काही भाग, त्या प्रतींत नाहीत. “सात ग्रंथ नसले म्हणून काय बिघडले?” असे एका गृहस्थांनी मला विचारले. काय बिघडते ते सांगतो.

आपल्याच भागातील एक वृद्ध माता. मधुमेह जुना, औषध नियमित. कोणी तरी दारी येऊन त्यांच्या हाती एक पत्रक दिले. त्यात याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील चौदावे वचन मोठ्या अक्षरांत छापले होते : आजारी असेल त्याने वडीलजनांस बोलवावे, त्यांनी प्रार्थना करून तेल लावावे. वचन खरे, आपणही त्याच्याच आधारे रुग्णांस अभ्यंग देतो. परंतु पत्रकाने त्याखाली आपल्या पदरचे एक वाक्य घातले होते की, जो औषध घेतो त्याचा विश्वास अपुरा. बाईंनी औषध बंद केले. तीन आठवड्यांनी त्यांच्या पायाची जखम चिघळली, आणि मुलगा मला बोलवावयास आला.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय काढून नातवाच्या हाती दिला व मोठ्याने वाचावयास सांगितले. त्या अध्यायाचे सार असे : वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, औषधी भूमीतून देवच उपजवितो, शहाणा मनुष्य तिचा अव्हेर करीत नाही, आजारात प्रार्थना करावी, आणि मग वैद्यालाही त्याची जागा द्यावी. प्रार्थना आणि औषध एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी बसलेली आहेत. बाई म्हणाल्या, “हे आमच्या शास्त्रात का नाही?” त्यांच्या घरच्या प्रतीत तो ग्रंथच नव्हता. पत्रक छापणाऱ्यांच्याही नसावा. औषध पुन्हा सुरू झाले. पायाचे एक बोट मात्र गेले.

म्हणून माझे म्हणणे असे की, सर्व साधनांच्या आधी पुरी त्र्याहत्तर ग्रंथांची प्रत घरात असावी. आणि ती प्रस्तावना व टिपांसह असावी. हे माझे खासगी मत नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली शास्त्राचे दार सर्व श्रद्धावंतांस सताड उघडे असावे असे सांगितले, आणि त्याच लेखात भाषांतरांना आवश्यक टिपा जोडाव्या असेही सांगितले. १९८३ च्या धर्मविधानातील ८२५ वे कलम तोच दंडक घालते. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली प्रसिद्ध झाले, साहित्य अकादमीने ते गौरविले. दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. पण आजचे मराठी बोलणाऱ्या मुलास हाती द्यावे असे ते पुस्तक आहे. ज्यांस जुन्या प्रतीची भाषा तोंडपाठ आहे त्यांनी ती टाकू नये. तिची ओघवती मराठी कानास गोड लागते आणि पाठांतरास ती उत्तम. दोन्ही शेजारी ठेवावी. एकाच वचनाची दोन भाषांतरे ताडून पाहणे हे देखील एक साधनच आहे, आणि त्याला दमडीही पडत नाही.

येथे मुद्रणानुमतीविषयी एक शब्द. कॅथलिक पुस्तकाच्या आरंभीच्या पानांवर ‘इम्प्रिमातुर’ व त्याखाली महागुरुस्वामींचे नाव असते. कित्येक जण तो शिक्का पाहून पुस्तकातील प्रत्येक ओळ ख्रिस्तसभेची शिकवण समजतात. तसे नाही. श्रद्धा व नीती ह्यांना बाधक असे त्यात काही आढळले नाही, एवढाच त्या अनुमतीचा अर्थ. ग्रंथकर्त्याची मते त्याचीच राहतात; पुस्तक कंटाळवाणे असल्यास तेही तसेच राहते. २००८ साली मुंबईहून ‘न्यू कम्युनिटी बायबल’ निघाले. भारतीय जीवनाशी सांगड घालणाऱ्या त्यातील काही टिपांवर बराच वाद झाला व पुढे सुधारित आवृत्ती काढावी लागली. शास्त्रवचन जागचे हलले नाही, टिपा बदलल्या. टीप मनुष्याची असते हे ह्यावरून ध्यानी यावे.

आता दुसरे साधन. हे मला सर्वांत प्रिय आहे आणि लोक त्याकडे सर्वांत कमी पाहतात : वचनाच्या बाजूस, समासात किंवा पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत दिलेले संदर्भ. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात सव्विसावे वचन आहे. प्रभू म्हणतो की जो आपल्या आईबापांचा द्वेष करीत नाही त्याला माझा शिष्य होता येणार नाही. हे वाचून कोवळ्या वयाची मुले गोंधळतात, आणि घर सोडावयास निमित्त शोधणारा तरुण गोंधळतही नाही. त्याला हवे ते सापडलेले असते. परंतु समासात पाहा. तेथे मत्तय दहा, सदतीस असा संदर्भ असतो. ते उघडावे तो तेच बोलणे मत्तय निराळ्या शब्दांत सांगतो : जो मजपेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करतो. द्वेषाचा प्रश्न मिटला. प्रश्न अधिकउण्याचा निघाला. आणखी एक पाऊल मागे जाऊन उत्पत्तीचा एकोणतिसावा अध्याय पाहावा. याकोबाची राहेलवर लेआपेक्षा अधिक प्रीती होती, असे एक वचन म्हणते, आणि लगेच पुढच्या वचनात लेआविषयी मूळ इब्रीत ‘द्वेष’ ह्याच अर्थाचा शब्द येतो. भाषांतरकार पुष्कळदा तो सौम्य करतात. म्हणजे कमी प्रीती करणे ह्याला इब्री भाषेची बोलण्याची ती रीतच होती. तीन ठिकाणे उघडली, दहा मिनिटे गेली, आणि शास्त्रानेच शास्त्राचा अर्थ सांगितला. ह्यासाठी कोणताही खंड विकत आणावा लागला नाही.

तिसरे, बायबल-कोश. कोश हा अर्थ सांगत नाही, वस्तू सांगतो. आणि वस्तू कळली की पुष्कळदा अर्थ आपोआप उमगतो. मत्तयच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्याला दहा हजार तालांत माफ झाले आणि त्याने शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. काही मराठी भाषांतरांनी येथे रुपयांचे आकडे घातले आहेत. ते वर्षागणिक शिळे होतात. कोशातील मापांचे कोष्टक काढावे. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच ठरलेला आहे. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात पाट्या उचलणाऱ्या माणसाला हा हिशेब माझ्याहून लवकर कळेल : सोबत्याचे देणे शंभर रोजांचे, म्हणजे तीन-चार महिन्यांच्या राबणुकीचे, लहान मुळीच नव्हे, आणि चाकराचे देणे सहा कोटी रोजांचे. एकाच्या सहा लाख पट दुसरे. वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरले तरी फेडावयास दोन लाख वर्षे लागावी. “मला सांभाळून घ्या, सगळे फेडीन,” असे तो धन्यास म्हणतो, त्यातील वेडेपणा ह्या आकड्यावाचून दिसत नाही. सोबत्याचे देणेही खरे असते, दुखणारे असते, हेही त्यावाचून दिसत नाही. क्षमा करणे सोपे आहे असे प्रभूने कोठेही म्हटलेले नाही, हे मी प्रवचनात अनेकदा सांगितले. पण एका शेतमजूर भगिनीने कोष्टक पाहून बोटांवर हिशेब केला आणि ते मला अधिक चांगले सांगितले.

नकाशाविषयी थोडक्यात. यरुशलेमेहून यरीहोस जाणारा मनुष्य चोरांच्या हाती सापडला, तो ‘खाली’ जात होता असे लूक सांगतो. ही वाट सुमारे पंचवीस किलोमीटरांची आणि उतार जवळजवळ हजार मीटरांचा. ज्याने नाणेघाट उतरून कोकणात पाय ठेवला आहे त्याला ती निर्जन वाट, आडोशाचे खडक आणि भय समजावून सांगावयास नको. साधा नकाशा पुरे; रंगीत छायाचित्रांच्या भारी पुस्तकाचा हट्ट नको.

शब्दानुक्रमणी, म्हणजे अमुक शब्द शास्त्रात कोठे कोठे आला आहे त्याची सूची, हे मोठे उपयोगी पण फसवे साधन आहे. तेराव्या शतकात पॅरिसच्या डोमिनिकन मठवासीयांनी संत शेरच्या ह्यूग ह्यांच्या देखरेखीखाली लॅटिन शास्त्राची अशी पहिली मोठी सूची केली. वचनांचे आकडे तेव्हा अजून पडले नव्हते. सबंध शास्त्रातील आजच्या वचनांचे आकडे रॉबेर एस्तियेन ह्या मुद्रकापासूनचे, सोळाव्या शतकाच्या मध्याचे. इंग्रजी जाणणारे आपले तरुण स्ट्राँगची १८९० ची सूची वापरतात. चांगली आहे, मूळ इब्री व ग्रीक शब्दांपर्यंत ती नेऊन पोहोचविते. परंतु ती १६११ च्या इंग्रजी भाषांतरावर रचलेली आहे व वर सांगितलेल्या सात ग्रंथांचा तिच्यात मागमूस नाही. ‘वैद्य’ ह्या विषयावर शास्त्र काय म्हणते हे तिच्यात शोधणाऱ्यास बेन सिरा कधीच भेटणार नाही, आणि भेटला नाही हे त्याला कळणारही नाही.

मराठीत दुसरीच गंमत आहे. आपल्या भाषेत शब्द रूप पालटतो. ‘पाणी’ शोधावे तर ‘पाण्यात’, ‘पाण्याने’ ही सर्व स्थळे निसटतात. मोबाइलवर शास्त्र शोधणाऱ्यांनी म्हणून शब्दाचा न बदलणारा आरंभ तेवढा लिहावा, ‘पाण’ एवढाच. ‘मेंढरू’ शोधताना ‘मेंढ’. ‘येशू’ ऱ्हस्व की दीर्घ, ‘यरुशलेम’ की ‘जेरुसलेम’, हेही प्रतीप्रतीला वेगळे असते. आणखी एक खाचखळगा : स्तोत्रांचे आकडे. आज आपण मेंढपाळाचे स्तोत्र तेविसावे म्हणतो. जुन्या लॅटिन वळणाच्या पुस्तकांत तेच बाविसावे आहे, कारण तेथे नववे व दहावे मिळून एक धरले आहे. जुन्या पुस्तकात दिलेले स्तोत्र जुळले नाही, तर पुस्तक खोटे न मानता एक आकडा पुढे जाऊन पाहावे.

भाष्य मी मुद्दामच शेवटी ठेविले. ज्या मुलखात ज्ञानेश्वरी घरोघर वाचली जाते आणि आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी दाखविली जाते, त्या मुलखात टीका म्हणजे काय हे सांगणे नको. परंतु टीका वाचणारा मूळ वाचणे विसरतो, हा अनुभव सर्व धर्मांचा आहे. आधी उतारा दोनदा वाचावा. मनात जो प्रश्न उठेल तो कागदावर लिहावा. मग समास, मग कोश, आणि इतक्यानेही भागले नाही तर भाष्य. प्रश्नावाचून भाष्य उघडणे म्हणजे तहान नसता पोढीवर जाणे. हल्ली यंत्राला प्रश्न विचारला की क्षणात उत्तर येते, तेही मोठ्या आत्मविश्वासाने. ते ऐकण्यास हरकत नाही. पण कोणी सांगितले, कोणत्या प्रतीवरून, कोणत्या ग्रंथसूचीवरून, एवढे तीन प्रश्न त्यालाही विचारावे. उत्तरात दिलेले वचन शास्त्रात त्या ठिकाणी खरोखरच आहे काय, हे बोट ठेवून पाहावे. पत्रक वाटणाऱ्यालाही हेच तीन प्रश्न विचारावयाचे होते.

कोणी म्हणेल, ही विद्वानांची कामे. मला तसे वाटत नाही. संत जेरोम बेथलेहेमात लॅटिन शास्त्र सिद्ध करीत होते तेव्हा पावला नावाची विधवा आणि तिची कन्या युस्तोकियुम त्यांच्या शिष्या होत्या. पावला इब्री शिकली ती स्तोत्रे त्या भाषेत म्हणता यावी म्हणून. आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात, केडगावास, पंडिता रमाबाईंनी उतारवयात इब्री व ग्रीक ह्या भाषांवर मेहनत घेऊन सबंध शास्त्र मराठीत आणिले, ते साध्या खेडवळ बायांस समजावे म्हणून. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच त्याची छपाई केली. रमाबाई १९२२ साली वारल्या, ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्या आपल्या मंडळीच्या नव्हत्या व त्यांच्या प्रतीत ते सात ग्रंथ नाहीत. तरी साधने कोणासाठी असतात हे त्यांनी दाखविले. त्याच्याही पूर्वी, १६१६ साली, येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोमंतकात रोमी लिपीत छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार मराठी ओव्या आहेत. १९५६ साली पुण्यात ते देवनागरीत निघाले. ते भाषांतर नव्हे. पण नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना शास्त्रकथा त्यांच्या ओळखीच्या चालीवर देणारे ते साधनच होते. ज्यांच्या घरच्या पेटीत ‘निरोप्या’चे जुने अंक पडले आहेत, १९०३ साली केंदळास सुरू झालेले ते आपले मासिक, त्यांनी ते रद्दीत न घालता आधी मला दाखवावे.

आता निधीचे. इंग्रजी भाष्याचे वीस-पंचवीस खंड आणण्याच्या मी विरुद्ध आहे. आपल्यांपैकी ते वाचू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके; बाकीच्यांना ते काचेमागे शोभेचे होतील. एक ना धड भाराभर चिंध्या! घरटी एक शास्त्र हा विचार चांगला, पण ज्यांच्या घरी पुरी प्रत आहे त्यांना दुसरी कशाला? म्हणून मी समितीस असे सुचविले आहे : ज्या घरांत त्र्याहत्तर ग्रंथांची प्रत नाही, त्यांची यादी प्रत्येक वाडीच्या प्रमुखाने करावी व तेवढ्याच प्रती घ्याव्या, निम्मी किंमत घराने द्यावी, फुकट आलेले पुस्तक फळीवरच राहते, ज्याला तेही जमत नसेल त्याने मला एकट्याला सांगावे. उरलेल्या रकमेत वाचनालयासाठी एक चांगला बायबल-कोश, एक नकाशासंग्रह, एक शब्दानुक्रमणी, एका खंडातील एक कॅथलिक भाष्य, आणि ‘कॅथलिक श्रद्धाग्रंथ’ ही पाच पुस्तके. श्रद्धाग्रंथाच्या शेवटी शास्त्रवचनांची सूची असते. अमुक वचनाचा ख्रिस्तसभा कोठे कसा आधार घेते हे तिच्यावरून सापडते.

समितीने हे मान्य केल्यास पुढच्या महिन्यापासून रविवारच्या मिस्सेनंतर अर्धा तास कपाट उघडे राहील. कोश व नकाशासंग्रह घरी नेता येणार नाहीत, बाकीची एका आठवड्याच्या बोलीवर. येत्या रविवारची वाचने कोणती हे दारावरच्या फळ्यावर लिहिलेले असेल. ती शनिवारी रात्री घरी वाचून यावे, आणि अडेल ते चिठ्ठीवर लिहून आणावे. चिठ्ठीवर अध्याय, वचन, आणि कोणत्या प्रतीतून वाचले ते लिहावे. नाव लिहिले नाही तरी चालेल.